सातची आडवी रेघ

कुपवाडच्या एमआयडीसीत, वजनकाट्याच्या मागं
माझं दुकान म्हणजे दोन पिंपं आणि त्यांवर एक फळी.
मी दस्तगीर पेंटर, मिरजेचा.
आधी सतारीच्या भोपळ्यांवर वेलबुट्टी काढायचो,
आता टँकरच्या पाठीवर नारिंगी चौकोन काढतो.

चौकोनात काय, ते ठरलेलं.
वर दोन आणि आर, त्याखाली सतराशे एकोणनव्वद,
बाजूला हिरा: कलंडलेली नळी, तिच्याखाली हात,
हाताला भोक.
तो हात मी जरा जास्तच मन लावून काढतो,
बोटांची पेरंसुद्धा दिसतात.
आणि सगळ्यात खाली, लांबून वाचता येईल असा,
फोन नंबर.

साहेब म्हणतात, हा नंबर शोभेचा नव्हे.
गाडी रस्त्यावर आहे तोवर तिकडं माणूस जागा पाहिजे,
पोटात काय भरलंय ते ठाऊक असलेला,
पाणी मारायचं की माती टाकायची की चुना, ते सांगणारा.
नुसता उचलणारा नको, जाणणारा हवा.
मी मान हलवायचो
आणि सातला टोपी घालायचो.

गेल्या साली, आष्ट्याच्या अलीकडं
रात्री अडीचला एका टँकरचा व्हॉल्व्ह सुटला.
पांढरा धूर उसाच्या सरीसरीतून सरपटत निघाला.
ड्रायव्हर मैलाच्या दगडावर खोकत बसलेला,
कागदांची पिशवी केबिनमध्ये, केबिन धुरात.
उरला माझा चौकोन.
कॉन्स्टेबल सुकुमार आवटींनी बॅटरी मारली,
एकेक आकडा मोठ्यानं वाचत दाबला,
आणि फोन वाजला मणेराजुरीत.

कारण माझ्या शेवटच्या सातची आडवी रेघ
आखूड पडलेली, तिच्यावर चिखल उडालेला.
आवटींनी वाचला एक.

रत्नाक्का जमदाडे झोपेतून उठली.
'राँग नंबर' म्हणून ठेवला असता
तर तिला कुणी बोल लावला नसता.
तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं,
"वारं कुठनं कुठं हाय, बाबा?"
द्राक्षबागेत औषध मारून हयात गेलेली,
पंप सुरू करायच्या आधी
पदर वर धरून बघणारी बाई ती.

आवटींनी रुमाल धरला.
"आष्ट्याकडनं सांगलीकडं."
"मग तू सांगलीच्या अंगाला कशाला हुबा?
लांबनं वळसा घालून पल्याड जा, डायव्हरलाबी वढ.
सरीत उतरू नगा, खाली साचतंय त्ये."
"पाणी मारू का, आक्का?"
"त्ये मला ठावं न्हाई. ठावं न्हाई त्ये सांगणार न्हाई.
पर फोन ठेवू नगंस."

मग थोड्या वेळानं,
"शेवटचा आकडा परत बघ. त्याच्या डोस्क्यावर कायतरी हाय का?"
आवटींनी लांबूनच उजेड टाकला.
"बारीक रेघ हाय."
"मग त्यो सात. लाव तिकडं."

लागला. तिकडं माणूस जागा होता, जाणणारा होता.
बाकीचं अग्निशमनवाल्यांनी निस्तरलं.
सऱ्यांतला ऊस मात्र दोन एकर करपला.

सकाळी साहेब मला काही बोलले नाहीत.
चहा मागवला. दोन कप.
शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माफी मागायला मी रत्नाक्काला फोन लावला.
पाहुण्यासारखं सगळं विचारलं तिनं:
पोरं किती, रंग कुठला वापरतोस, उन्हात उडतो का.
शेवटी म्हणाली,
"रेघ जरा लांब वढत जा की, भावा."

आता ओढतो.
आणि नंबर लिहून झाला की ब्रश डब्यात टाकण्याआधी
टँकरकडं बघून, जसा दिसतो तसाच,
एकेक आकडा दाबतो.
तिकडून रात्रपाळीचे घाटगे वैतागतात,
"परत तूच का रे?"
होय, मीच.
रंग ओला आहे अजून.